फ्रॅक्चर झालेला ट्रेलर

आमच्या सुर्वेदादांच्या लेखी जगात कुठलीच वस्तू मोडत नाही, तिला फ्रॅक्चर होतं. जेद्दातल्या आमच्या हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये ते एकोणीस वर्षं आहेत आणि मी त्याच मजल्यावर नर्स. त्यात शेजारी, म्हणजे सुटका नाही. माझ्या धुण्याच्या बादलीला चीर गेली, तर या गृहस्थांनी तिला प्लास्टर घातलं आणि वर बजावलं, "सिस्टर, सहा आठवडे हलवायचं नाही." एकदा मी नवऱ्याशी अबोला धरला होता, तेव्हाही हाच सल्ला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधले एक गोरे डॉक्टर कायमचे मायदेशी निघाले. अशा वेळी इथे मागे राहणारं कुणी सोफा उचलतं, कुणी फ्रिज. दादांनी पार्किंगमधला ट्रेलर उचलला. गाडीमागे जोडायची पिटुकली खोली, पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल, मागे निमुळती. आत दोन माणसं जेमतेम मावतील एवढी गादी, मागचं झाकण उचललं की छोटासा ओटा. उन्हानं रंग गेलेला, दमट हवेनं प्लायवूड फुगलेलं, पत्रा चेपलेला. माझी लेक म्हणाली, "अंकल, धिस इज जंक." दादा म्हणाले, "मल्टिपल फ्रॅक्चर आहे. पण पेशंट वाचेल."

छत गळत होतं, तिथे त्यांनी चक्क प्लास्टरच्या पट्ट्या चिकटवल्या. जेद्दाच्या हवेत पापड मऊ पडतो, तिथे प्लास्टरची काय कथा. आठ दिवसांत तो लगदा शेजारी उभ्या आमच्या गाडीच्या बॉनेटवर पडला. माझा नवरा म्हणाला, "दादा, लाकूड म्हणजे हाड नव्हे." दादा दोन दिवस फुगून बसले. मग निमूटपणे कुजलेलं लाकूड उपसून काढलं, नवं बसवलं, पत्र्याचे सांधे सीलंटनं भरले. तपासणीसाठी ते आत झोपायचे आणि मी बाहेरून पाइपनं पाणी मारायचं. "मारा, सिस्टर, हात आखडू नका," असा आतून आवाज. मी कधीच आखडला नाही. निथळत बाहेर येऊन ते म्हणायचे, "सुधारणा आहे."

हा सगळा खटाटोप मंगलवहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. आठ वर्षांपूर्वी वहिनी व्हिजिट व्हिसावर आल्या, तेव्हा दादा डबल ड्युट्या करत होते आणि त्या तीन महिने फ्लॅटमध्ये बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "भिंतीच बघायच्या तर चिपळुणात माझ्या हक्काच्या आहेत." पुन्हा आल्या नाहीत. आता ट्रेलरचे फोटो पाठवून पाठवून दादांनी त्यांना कसंबसं तयार केलं होतं. मला म्हणाले, "सिस्टर, या खेपेला रुसून गेली तर परत नाही यायची."

वहिनी आल्या. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर टिचकी मारून बघितली.

"यात उभं राहता येतं का?"

"नाही. आडवंच व्हायचं."

"आडवं व्हायला दोन वर्षं लागली तुम्हाला?"

दादांचा चेहरा पडला. मला मात्र हसू आवरेना, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी आमच्या गाडीला ट्रेलर जोडला, नवऱ्यानं इथल्या अरबांसारखं "यल्ला", म्हणजे चला, म्हटलं आणि आम्ही इकॉनॉमिक सिटीच्या रस्त्यानं समुद्रकाठी गेलो. वाटभर वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या. पोचल्यावर "गादी तरी बघते" म्हणून आत शिरल्या, त्या बाहेरच येईनात. अर्धा तास झाला. बिनसलं वाटतं, म्हणून मी समजूत घालायला निघाले.

दादा ट्रेलरच्या दारासमोर वाळूत बसले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत वहिनी कुशीवर वळून गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं.

"फोनवर सगळं दिसतं हो," दादा हळूच म्हणाले. "ताटातलं, अंगणातलं, सुजलेला गुडघासुद्धा. झोप आली म्हणाली की फोन बंद. रजेवर गेलो तर माझ्या आधी उठलेली, माझ्यानंतर आडवी. इथे आली होती तेव्हा माझ्या डबल ड्युट्या. हिला अशी झोपलेली मी कधी बघितलीच नव्हती."

मी मागे फिरले आणि नवऱ्याला गाडीतली गाणी बंद करायला सांगितली.