नजरेखालून घातलेली पानं

टापटीपरावांनी त्या सुटीच्या दिवशी बायकोला मदत करायचं ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

टापटीपराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते कचेरीतल्या मंडळींनी पाडलेलं. कुठल्याही दस्तऐवजात कुणी खाडाखोड केलीय का, हे शोधून काढायचं त्यांचं काम. कागद उजेडाला तिरका धरायचा, एक डोळा मिटायचा, की खोडून टाकलेला आकडासुद्धा मुकाट्याने वर यायचा. अस्वच्छ कागद दिसला की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. (घरातला त्यांचा मोज्यांचा कप्पा याला अपवाद. पण तो विषय आत्ता नको.)

बायको व्हायोलिन शिकवायची. तिच्या विद्यार्थ्यांत पोरंटोरं होती, तसे एक दंतवैद्य होते आणि शाळेतल्या एक टीचरबाईही. त्या संध्याकाळी तिच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. विद्यार्थी व्हायोलिन वाजवणार आणि ती पियानोवर साथ करणार. एरवी तिच्या शेजारी बसून पानं उलटायला पुतणी असायची, पण ती तापाने फणफणली होती. म्हणून ही कामगिरी आयुष्यात पहिल्यांदाच टापटीपरावांच्या गळ्यात पडली.

"अहो, पियानोवर फाइल ठेवलीय," चपला घालता घालता बायको म्हणाली. "मी हॉलवर जाऊन येते. तोवर सगळी पानं एकदा नजरेखालून घाला."

"अगं, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायची गरजच नाही. नुसती बघा, म्हणजे लक्षात येईल."

आता तुमच्याआमच्यासाठी नजरेखालून घालणं म्हणजे बघणं. टापटीपरावांच्या नजरेखालून मात्र कागद गेला की तो सुधारूनच बाहेर पडायचा. त्यांनी फाइल उघडली. छापलेल्या स्वरांवर जिकडे तिकडे पेन्सिलीचा चिखल. आकडे, बाण, गोल, चष्म्याची चित्रं. एका ठिकाणी 'डॉक्टर, घाई नको', दुसऱ्या ठिकाणी 'खांदा खाली'. पियानोच्या पानांवर तर कहर होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुणा कार्ट्याने लांब कानांचं एक गाढव काढून ठेवलं होतं.

"काय ही शिस्त," टापटीपराव स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून आपला खास खोडरबर काढला.

बायको परतली तेव्हा ते रबराचा भुगा फुंकत होते. चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं. तिने फाइल उचलली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मटकन स्टुलावर बसली.

"खुणा कुठायत?"

"कसल्या खुणा? पोरांनी गिरबटून ठेवलं होतं, ते साफ केलं. कोरी करकरीत झालीत बघ पानं."

"पोरांनी नाही, मी लिहिलं होतं ते." तिचा आवाज इतका शांत होता की टापटीपरावांनी खोडरबर हळूच खिशात सरकवला. "कुठला स्वर कुठल्या बोटाने, गज कुठे वर ओढायचा, कुठे खाली. चष्मा काढलाय तिथे नीट बघायचं. सगळं त्यात होतं."

"आता पाठ झालं असेल की त्यांना."

"कुणाला? दंतवैद्यांना? त्यांना आपली ओळ कुठे सुरू होते ते अजून सापडत नाही. शेजारी उभ्या राहणाऱ्या टीचरबाईंचा गज वर गेला आणि यांचा खाली आला, तर संध्याकाळी एखाद्याचा डोळा जाईल."

मग तिच्या हाताला फाइलमधलं शेवटचं, पिवळं पडलेलं पान लागलं आणि तिने त्यावरून बोट फिरवलं. टापटीपरावांना ते पान चांगलंच आठवत होतं. सगळ्यात जास्त मेहनत त्याच्यावरच घेतली होती.

"यावर माझ्या सरांचं अक्षर होतं," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा स्टेजवर गेले तेव्हा त्यांनी लिहून दिलेलं. सर गेले, मागे तेवढंच राहिलं होतं."

टापटीपरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सवयीने हात आपोआप पुढे झाला. ते पान घेऊन खिडकीपाशी गेले, तिरकं धरलं आणि एक डोळा मिटला.

"सर पेन्सिल दाबून लिहायचे का गं?"

"फार. कधी कधी कागद फाटायचा."

"'घाबरू नकोस, मी समोरच बसलोय,'" टापटीपरावांनी सावकाश वाचलं.

ती धावतच खिडकीशी आली. ओरखडे तिथेच होते, अक्षराला अक्षर. शिसं तेवढं गेलं होतं. तिने डोळे पुसले आणि पेन्सिल शोधून आणली. "हे असंच राहू दे, याला हात लावू नका. बाकीची घ्या."

दोघं खिडकीतच बसली. टापटीपराव वाचायचे, ती लिहायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा फक्त पियानोची पानं उरली.

"याच्यावर गाढव आहे," टापटीपराव घसा खाकरून म्हणाले. "ते सोडून देऊ या."

"सोडून काय देताय? ती गाढवं तर मी तुमच्यासाठीच काढली होती. वाजवत वाजवत मी गाढवापाशी पोचले की पान उलटायचं. म्हणून तर नजरेखालून घाला म्हटलं." तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "माझा हात दुखतोय. तेवढी तुम्हीच काढा."

टापटीपरावांनी जीभ बाहेर काढून, ओरखड्याबरहुकूम, एकेक कान गिरवला.

संध्याकाळी कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. कुणाचा डोळा गेला नाही. पानं वेळच्या वेळी उलटली. शेवटी पिवळ्या पानावरचं बायकोने एकटीने व्हायोलिनवर वाजवलं, तेव्हा टापटीपराव मुद्दाम पहिल्या रांगेत, तिच्या अगदी समोर जाऊन बसले.

नंतर दंतवैद्य अभिनंदन करायला आले. त्यांची नजर पियानोवरच्या पानावर गेली.

"मॅडम, गाढव काय हुबेहूब उतरलंय. कुणी काढलं?"

"यांनीच," बायको फाइल मिटत म्हणाली. "तेही आरशात न बघता."