आधी आवळ, मग शिंक

लहान मूल शिंकलं की आपल्याकडे कुणीतरी "शतायुषी हो" म्हणतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मोठी बाई शिंकायला लागली की हिरामावशी म्हणायच्या, "आधी आवळ, मग शिंक."

म्हणायच्या म्हणजे हुकूम सोडायच्या. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हाची गोष्ट. धाकटी कडेवर, हातात भाजीची पिशवी, आणि नेमकी लिफ्टपाशी मला शिंक यायला लागली. नाक वर, डोळे बारीक, तोंड उघडं, आणि मागून हा आवाज. वळून बघते तर लुगडं नेसलेली, ठेंगणी, दणकट बाई. शिंक कुठल्या कुठे पळाली. मी बावळटासारखं विचारलं, "काय आवळू?" त्यावर मावशींनी वॉचमनच्या देखत, अगदी स्वच्छ मराठीत, काय आवळायचं ते सांगितलं. वॉचमनला मराठी येत नव्हतं हे माझं नशीब.

हिरामावशी म्हात्रे मूळच्या भाईंदरच्याच. सासरी मिठागर, माहेरी मिठागर. पुढे त्या जमिनींवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि मावशी त्यातल्याच एकीत, आमच्या, पहिल्या मजल्यावर मुलगा-सुनेसोबत राहायला आल्या. पन्नाशीनंतर त्यांना खोकताना, उचलताना लघवी थेंबथेंब सुटण्याचा त्रास सुरू झाला होता. दवाखान्यात एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं त्यांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. काही महिन्यांत, ऑपरेशन न करता, मावशींना चांगलाच फरक पडला. तेव्हापासून हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवणं त्यांना अशक्य झालं.

"आपल्याला खाली एक झोळी हाय गो," त्या समजावायच्या. "लघवीची पिशवी, बाळाची पिशवी, सगळा संसार त्या झोळीत बसलाय. बाळंतपणात ती सैल पडते. मग तिला वर ओढायला शिकवायचं. लघवी नि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं. पोट न्हाय, बूड न्हाय, श्वास तर मुळीच रोखायचा न्हाय. फक्त झोळी."

हे सगळं हळदीकुंकवात, वाण देता देता. पहिल्यांदा ऐकणारी बाई लाजून पदराशी चाळा करायची. दुसऱ्यांदा तीच बाई शेजारणीला घेऊन यायची.

मला ते ऐकून नुसतं लाजायला झालं नाही, धडकी भरली. कारण मावशी ज्या सैल झोळीबद्दल बोलत होत्या ती माझीच होती. धाकटीच्या बाळंतपणापासून मी विनोदी माणसांपासून लांब राहायला लागले होते. खळखळून हसणं बंद, दोरीच्या उड्या बंद. सगळ्यात वाईट म्हणजे गरबा बंद. रत्नागिरीची असले तरी मला गरब्याचं वेड आहे. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नवरात्रात असा गरबा रंगायचा की तिसऱ्या मजल्यावर माझे पाय आपोआप थिरकायचे, आणि मी खिडकीचे गज धरून उभी. नवऱ्याला, संदीपला, सांगितलं होतं की गुडघा दुखतो.

मावशींनी मला एका वाक्यात पकडलं. "गुडघेदुखीवाली बाई जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालते काय? तुझं गुडघ्याचं न्हाय." मी मान खाली घातली. "या नवरात्रात तुला नाचवते," त्या म्हणाल्या, आणि माझी शिकवणी सुरू झाली.

शिकवणीची पद्धत त्यांची स्वतःची. त्या काळी मिस्ड कॉल देऊन माणसं काय काय कळवायची. पोचलो, खाली ये, पाणी आलं. मावशींच्या मिस्ड कॉलचा अर्थ एकच, झोळी वर. सकाळी पोळ्या लाटताना, दुपारी ऑफिसात, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेताना माझा फोन एकदाच वाजून गप्प व्हायचा. मग मी जिथे असेन तिथे शांत चेहऱ्यानं कामाला लागायचे. संदीपला वेगळाच संशय. "हा रोज कोण मिस्ड कॉल देतो?" त्यानं एकदा आवाज चढवून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यावर तो पेपरात डोकं घालून बसला आणि पुन्हा म्हणून त्यानं माझ्या फोनकडे बघितलं नाही.

वरच्या वर्गासाठी लिफ्ट. मावशी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरायच्या आणि सातवं बटण दाबायच्या. पहिला मजला आला की झोळी थोडी वर, दुसऱ्याला आणखी थोडी, जमेल तिथवर. मग येताना हळूहळू खाली. "धपकन सोडायचं न्हाय. लिफ्ट कशी अलगद उतरते?" आमची लिफ्ट अलगद उतरायची नाही, पण मुद्दा कळायचा. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसायचं, तर एक बाई डोळे मिटून, ध्यान लावून, विनाकारण वर-खाली करतेय.

आमचे सेक्रेटरी शहाभाई यांना विजेच्या बिलाची काळजी. त्यांनी एक दिवस मावशींना सगळ्यांदेखत अडवलं. "मौसी, आप फर्स्ट फ्लोर पे रहते हो. सेवन्थ पे क्या काम है?" मावशींनी शांतपणे सांगितलं. आपल्या हिंदीत, हातवारे करून, झोळीपासून लिफ्टपर्यंत सगळं. शेवटी म्हणाल्या, "मर्द लोग को भी होता है, शेठ. खासते टाइम संभालो." शहाभाई लाल झाले आणि पुढचे पंधरा-वीस दिवस जिन्यानं ये-जा करत राहिले. नंतर एका दुपारी ते मावशींच्या दारात हळूच चौकशी करताना दिसले. काय बोलले ते मावशींनी मला कधीच सांगितलं नाही. हुकूम चारचौघांत सोडणारी ही बाई दुसऱ्याचं गुपित मात्र पोटात ठेवायची.

पाण्याच्या बाबतीत त्या सर्वांत कडक. टँकर आला की आम्ही बायका बादल्या घेऊन धावायचो आणि मावशी गेटवर पोलिसासारख्या उभ्या. "श्वास सोडत उचल. आवळून उचल. कशाला भरलीस काठोकाठ, दोन खेपा कर." आमच्या शेजारच्या हंसाबेननं एकदा आपली युक्ती सांगितली. ती दिवसभर पाणीच पीत नसे, आणि बाथरूमला गेली की रोज मध्येच धार रोखून सराव करी. मावशींनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, ऐसा नहीं करने का. एक बार समझने के वास्ते ठीक है, रोज रोज करेगी तो उलटा तकलीफ होगा. और पानी पियो, नहीं तो जलन होगा." शिवाय संडासात जोर करायचा नाही, पायाखाली छोटा पाट घ्यायचा, पपई खायची. त्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या देवघरांतले किती पाट जागा बदलून गेले कुणास ठाऊक.

आणि काय सांगू, फरक पडायला लागला. एकदम नाही. पहिले काही आठवडे मला वाटलं, उगाच चेहरे करतेय आपण. मग एकदा ऑफिसात जोरात ठसका लागला आणि काहीच झालं नाही. मी तशीच खुर्चीत बसून राहिले, आनंदानं डोळ्यांत पाणी. शेजारच्या टेबलावरचे साहेब घाबरून पाणी घेऊन धावले.

नवरात्रात पहिल्याच संध्याकाळी, आरती झाल्या झाल्या मी गोलात शिरले. आधी भीत भीत, टाळ्या वाजवत, कडेकडेनं. मग ढोल वाढला, हातात टिपऱ्या आल्या, पाय सुटले. हंसाबेनची टिपरी माझ्या टिपरीऐवजी शहाभाईंच्या पाठीत बसली आणि मी इतकी हसले, इतकी हसले की पोट धरून खाली वाकले. आणि कोरडी होते. किती वर्षांनी अशी हसले होते मी. संदीप धाकटीला खांद्यावर घेऊन बघत होता, त्याला म्हटलं, बघत काय राहिलास, ये की.

मावशी मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी धापा टाकत गेले, त्यांचे हात ओढले. "चला मावशी, एक फेरी."

"मी न्हाय गो नाचत."

"आता तुम्हाला कसली भीती?"

"भीती न्हाय." त्यांनी हात सोडवून घेतले. "माझ्या हळदीला सगळी आळी नाचली. आई आली न्हाय. मागच्या पडवीत बसून राहिली. मला वाटलं, जावई पसंत न्हाय तिला. लय राग धरला मी. सणालासुद्धा माहेरी जाईना."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

"तिचं अंग बाहेर आलं होतं, बाळाची पिशवीच खाली उतरलेली. ओली बाळंतीण असताना मिठाच्या पाट्या डोक्यावर घ्यायची ना. सारखं लुगडं ओलं. वास येतो म्हणून लेकीच्या हळदीत उभी राहिली न्हाय. बोलली न्हाय कुणाला. मला कळलं कधी, तर दवाखान्यात ती पोरगी मला माझंच समजावत होती तेव्हा. आई जाऊन तवर किती वर्षं झाली होती."

मी त्यांचा हात धरला. तो हात सरळ माझ्या पाठीवर आला आणि त्यांनी मला उठवलं. "तू जा, नाच. मी बघते इथनं."

मला वाटलं त्या गरबा बघताहेत. पण गोलात गेल्यावर मी मागे वळून पाहिलं तर मावशींचं लक्ष नाचणाऱ्यांकडे नव्हतंच. समोरच्या खुर्च्यांच्या रांगेत नवी चनियाचोली घातलेली एक तरुण मुलगी बसली होती. मांडीवर पर्स घट्ट धरून. पाय ठेका धरत होता, पण मैत्रिणी बोलवायला आल्या की ती मान हलवायची.

मावशी उठल्या, लुगडं सारखं केलं, नाचणाऱ्यांच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून तिच्यापाशी गेल्या. मला वाटलं, आता सुटणार हुकूम. पण त्यांनी तोंडही उघडलं नाही. खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली आणि कितीतरी वेळ नुसत्या तिच्याशेजारी बसून राहिल्या.