‘इस्टँड’ म्हणलं की मटण बंद!

बिरोबाच्या भंडाऱ्याची आन घिऊन सांगते, ह्यातला शबुद न शबुद खरा हाय! खोटं आसंल तर माझी नवी कवळी आत्ताच्या आत्ता चुलीत पडू दे!

आमच्या सोनमला सांगलीचं स्थळ आलं. पोरगा ऋषिराज, दोघं पुण्यात एकाच कंपनीत. पोरीचं मन बसल्यालं. पर पोराची आई संयोगिताबाई शाळंत इंग्रजी शिकवणारी!

सोनम म्हणाली, “आजे, तेवढं लगीन मोडू दिऊ नगंस.”

“माझ्या घरात इंग्रजी शबदाला खरचटूसुदीक देत न्हाई मी!” म्हणलं, आन हुकूमच काढला. “पाव्हण्यांम्होरं जो ‘इस्टँड’, ‘टेबूल’, ‘डागदर’ म्हणंल, त्येला रविवारी मटण बंद! रस्साबी न्हाई!”

माझा ल्योक सयाजी रिटायर सुभेदार. गोळ्यांना न भिणारा गडी, पर मटण म्हणल्यावर पांढरा पडला. “आये, पल्टनीत आमी समदं ‘रपोट’च म्हणायचो. आता?”

“मग बोलूच नगं!”

हितंच चुकलं.

पाव्हणं आलं. संयोगिताबाईंनी इचारलं, “सुभेदारसाहेब, नोकरी कुठं कुठं झाली?” सयाजीनं तोंड उघाडलं, मटण आठवलं, मिटलं. हातानं डोंगार काढला आन कुडकुडून दावलं.

“ताप आलाय का ह्यांना?”

सून अंजना च्या घिऊन आली. बिस्कीट का बिस्कुट, तिला आठवंना! ताटली पाव्हण्यांच्या नाकाखाली धरून हुबी, नाक्यावरच्या हवालदारावानी!

पोराचं वडील नाथाजीराव, हळदीचं येपारी. त्येबी गप! घाम पुसत्यात, कवा ह्या मांडीवर, कवा त्या मांडीवर. अर्धा तास नुसती दारातली शेरडं बोलत हुती.

संयोगिताबाई उठल्या. “चला. ह्यांना स्थळ पसंत नाही, सांगायला लाजतायत.”

सोनम आतनं पळत आली, डोळ्यांत पाणी. “आजे, आगं बोल की!”

तेवढ्यात नाथाजीराव गरजलं, “थांबा! मला आदी बातरूम दावा! सांगलीपासनं हिनं तोंडाला कुलूप घातलंय. म्हणती, तुमी बोलला की माझी आब्रू जाती!”

सयाजी ताडकन हुबा! “सायेब, मागल्या दारी, टाकीशेजारी! बॅटरी न्या, बलप गेलाय!”

संयोगिताबाई मटकन बसल्या, आन डोळं पुसूस्तवर हसल्या. “बलप! आवं, माझं म्हायेर जतचं, तितं समदी आसंच बोलत्यात! लय दिसांनी कानावर आला बगा!”

तितंच सुपारी फुटली!

समदं खरं हाय. फकस्त एक लंबर उलटा सांगितला. बातरूमसाठी पयलं वरडले ती मी! गुडघं धरल्यालं, माझ्याच हुकमानं ‘बातरूम’ म्हणायची चोरी, अर्धा तास कुणी उठवंना. नाथाजीराव माझ्या मागं रांगंत हुबं हुतं.