चिनी प्रधानाचा चँडलरमधला शिष्य

जानेवारी, तिसरा शनिवार, सकाळ. हजर: देवधर काका, सुमनकाकू आणि शेजारीण म्हणून मी. विषय: सोमवारी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन, त्याआधी घर मार्गी लावणं.

देवधर काका कोणतंच काम पूर्ण करत नाहीत. हा आळस नाही, तत्त्व आहे. अमेरिकेत, इथल्या चँडलरच्या कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीतून रिटायर होताना एका चिनी सहकाऱ्यानं त्यांना जुन्या बादशाही प्रधानाची पत्रं वाचायला दिली. प्रधानाचं म्हणणं असं, की चंद्र पुरता भरला की झिजायला लागतो. म्हणून माणसानं थोडं अपुरंच राहावं. प्रधानानं अभ्यासिकेला अपुरेपणाचं नाव दिलं आणि बादशाही सांभाळली. काकांनी कंपाउंडची भिंत रंगवली आणि शेवटची हातभर पट्टी कोरी सोडली. कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस आली. काकांनी उत्तर लिहिलं, अर्धं.

गणपतीत मंत्रपुष्पांजलीची शेवटची ओळ ते म्हणत नाहीत. आम्ही सगळे फुलं मुठीत धरून उभे. मग काकू स्वयंपाकघरातून ती ओळ म्हणतात आणि फुलं पडतात. माझ्या मुलीच्या जिगसॉ पझलचा शेवटचा तुकडा त्यांनी एकदा शर्टाच्या खिशात टाकला.

"काका, दॅट्स सो अनफेअर!"

"अगं, पूर्ण झालं की मोडून डब्यातच भरणार ना?"

तर शनिवार. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. "हिला चहा द्या. आणि कप भरून द्या हो, तुमच्या प्रधानाला कळायचं नाही."

"त्याला सगळं कळतं," काका म्हणाले. कप पाऊणच आला.

हॉस्पिटलची बॅग भरली. औषधं डबीत दिवसावार लावली. फ्रीमाँटहून येणाऱ्या लेकीला एअरपोर्टवरून कोण आणणार, ते ठरलं. पोळ्या फ्रीझरमध्ये गेल्या. उरली ओट्यावरची लोणच्याची बरणी. परसातल्या झाडाची लिंबं काकूंनी स्वतः चिरून मिठात घातली होती. फक्त फोडणी राहिली होती. मी कढल्यात तेल ओतलं, गॅस लावला.

काका आले आणि त्यांनी गॅस बंद केला.

"काका, दहा मिनिटांचं काम आहे."

"राहू दे. ते हिचं आहे."

"घालू द्या की तिला!" बाहेरून काकू. "मी घरी आले तरी डॉक्टर मला ओट्याजवळ फिरकू देणार नाहीत. तोवर लिंबं थांबणार आहेत का?"

"थांबतील. मिठात आहेत."

"आणि मी नाहीच आले तर?"

काकांनी ओटा पुसला. स्वच्छ होता, तरी पुसला. मग दारात जाऊन उभे राहिले.

"हे बघ, सुमन. मोहरी किती, हिंग किती, मला काही माहीत नाही. प्रधानानंही कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा तुला यावंच लागेल."

काकूंनी त्यांच्या आडून ओट्यावरच्या बरणीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झाकण तरी नीट लावा."

काकांनी झाकण लावलं. आवळून पाहिलं, आणि पुन्हा आवळलं.

मी कढल्यातलं तेल परत बाटलीत ओतलं.

बाकी काम: लोणच्याची फोडणी. कोण करणार: सुमनकाकू.