आवाज गिळणारी पेटी

म्हस्कूतात्यांच्या म्हशीनं सकाळी पान्हा चोरला आणि तात्या रिकामी चरवी घेऊन थेट इंद्रजितच्या दारात येऊन उभे राहिले.

"बनावैनी, ही बघा चरवी," ते म्हणाले. "तुमच्या पोरानं त्यो डबा वाजवला, म्हशीनं कान टवकारलं, आन संपलं. थेंब न्हाय."

बनाबाईंनी आधी चरवीत वाकून बघितलं, मग चुलीवरच्या कोऱ्या चहाकडं बघितलं. त्यांच्या घरी दूध येई ते त्याच म्हशीचं. त्यामुळं पोटचा पोरगा का शेजारची म्हैस, असा प्रश्न पडल्यावर त्यांना निकाल द्यायला फार वेळ लागला नाही.

"इंद्या! बंद कर ते आदी!"

तात्या ज्याला डबा म्हणत होते तो गिटारचा अ‍ॅम्प होता. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. अंथुर्णे गावात असा दुसरा नव्हता आणि दुसरा यावा अशी कुणाची इच्छाही नव्हती. इंद्रजित एरवी इंदापूरला मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरी करायचा; पण गिटार हातात आली की त्याला नोकरीही आठवायची नाही आणि जेवणही. पुण्याच्या राजेश्वरी मॅडम एका नव्या सिनेमाला संगीत देत होत्या. सिनेमाची सुरुवात नुसत्या गिटारनं होणार होती. मागं ढोल नाही, पेटी नाही, एकटी गिटार. इंद्रजितचं वाजवणं त्यांनी एका लग्नाच्या वरातीत ऐकलं होतं आणि काम त्याला दिलं होतं. असं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते आज संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. नाहीतर मॅडम मुंबईचा माणूस बोलावणार होत्या.

अडचण अशी, की व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आवाज मोठा केल्याशिवाय त्याला रंग चढत नाही. पैलवानासारखं त्याचं असतं. अंगाला घाम फुटल्यावरच खरा डाव. म्हणून त्या सकाळी इंद्रजितनं आपल्या रिकाम्या गोठ्यात अ‍ॅम्प मांडला, त्याच्या तोंडापुढं मायक्रोफोन लावला आणि आवाज सोडला. माइक चांगला होता. इतका चांगला, की त्यानं काहीही सोडलं नाही. पहिल्या खेपेला गिटारमध्ये म्हैस हंबरली. दुसऱ्या खेपेला उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर गेला आणि त्यावरचं लग्नाचं गाणं गिटारच्या सुरात सूर मिसळून गेलं. तिसरी खेप मात्र अशी जमली, की इंद्रजितच्याच अंगावर काटा आला. शेवटचा सूर हवेत तरंगत होता, विरत होता, आणि त्या विरणाऱ्या सुरावर स्वच्छ आवाजात उमटलं, "भाकरी आत्ता खातुस का मागनं?"

त्यात तात्यांची ती रिकामी चरवी. त्यानं बारामतीच्या दीपकला फोन लावून सगळं सांगितलं. दीपक त्याचा जुना मित्र. बारामतीत त्याचा स्टुडिओ होता, आणि माइकवरून या दोघांचं कॉलेजपासून भांडण होतं.

"तुला किती वर्षं सांगतोय," दीपक म्हणाला, "माइक सोड, लोड बॉक्स घे. कुणाला कळणार पण न्हाय तू वाजवतोयस ते."

"त्यात जीव नसतो, दीपक. हवा हलली पायजे."

"हवा हलवलीस की सकाळी. म्हैस हलली. आलोच मी."

जेवणवेळेच्या आधी दीपक दुचाकीवरून आला आणि पिशवीतून विटेएवढी लोखंडी पेटी काढली. अंगणात बनाबाई आणि तात्या बसलेच होते.

"हे काय आनलंय?" बनाबाईंनी विचारलं.

"लोड बॉक्स, काकू."

"लोड? टेकायचा?"

"तसला लोड न्हाय ओ. अ‍ॅम्पमधनं जो आवाज स्पीकरला जातो ना, तो ही पेटी सगळा गिळती. आन बारीक वायरीनं लॅपटॉपला देती. इंद्या हेडफोनवर ऐकणार. बाहेर काय म्हंजी काय येणार न्हाय."

बनाबाईंनी यावर थोडा विचार केला. "बाहेर काय येनार न्हाय, तर मग वाजवायचं कशाला?"

दीपक पेटीची वायर सोडवायला लागला. तात्यांना मात्र एकाच शब्दानं पकडलं होतं. "सगळा लोड ह्या एवढ्याशा पेटीवर?"

"सगळा. आन इंद्या, ध्यानात ठेव, पेटीची वायर निसटू द्यायची न्हाय. लोडच न्हाय मिळाला तर अ‍ॅम्प जळतो."

"जळतो?" तात्या सावरून बसले. तात्यांच्या लेखी लोड म्हणजे विजेचा लोड. मागच्या साली लोड आला तेव्हा त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग जळलं होतं आणि स्टार्टरला हात लावलेला त्यांचा मेहुणा उडून कांद्यात पडला होता. "इंदरराव, पायात चप्पल घालून बस बाबा," एवढं बोलून ते म्हशीकडं गेले. दीपकही बारामतीला परतला.

इंद्रजितनं वायरी जोडल्या, हेडफोन चढवला आणि तार छेडली. त्याच्या कानात वादळ उठलं. गोठ्यात मात्र फक्त टिंग असा आवाज झाला. त्यानं अ‍ॅम्पचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटपर्यंत नेला. शेजारी तात्यांची म्हैस रवंथ करत राहिली. मनातल्या मनात त्यानं दीपकची माफी मागितली, डोळे मिटले आणि तो सुटला.

पुढचं त्याला मागाहून कळलं.

बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून तात्यांना बरं वाटलं. पोरगं शहाणं झालं, चार शब्द गोड बोलावेत म्हणून ते गोठ्याच्या दाराशी आले. आत इंद्रजित कमरेत वाकला होता. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, मान गदागदा हलतेय, डाव्या हाताची बोटं थरथरताहेत, अंगाला वायरी, आणि तोंडातून आवाज नाही. मधेच तो टाचांवर उठला, पाठीत कमान झाली आणि तोंड वासलं गेलं. वाजवण्याच्या दृष्टीनं ती अतिशय नाजूक जागा होती.

"वैनी!" तात्या ओरडले. "पोराला करंट लागलाय!"

बनाबाई दगडावर कपडे धूत होत्या. हातातलं धोपाटणं घेऊन त्या तशाच धावल्या.

"हात लावू नगा! लाकूड! वाळकं लाकूड!"

"हे हाय की लाकूड!"

"वलं हाय त्ये! तुमी बी चिकटाल!"

बनाबाईंनी धोपाटणं भिरकावलं आणि भिंतीला टेकवलेला खराटा उचलला. तात्यांना वाटलं, मूळच तोडलेलं बरं. या वयात ते कधी पळाले नसतील असे बांधाबांधानं वस्तीच्या विजेच्या डीपीकडं पळाले आणि त्यांनी हँडल खाली ओढलं.

इंद्रजित त्या वेळी सर्वांत उंच सुरावर होता. सूर एकदम गेला. पेटीनं दगा दिला असं वाटून त्यानं डोळे उघडले, तोच पाठीत खराटा बसला. तो वळला, तर दुसरा खांद्यावर.

"सोड! सोड माझ्या लेकराला!" बनाबाई गिटारला उद्देशून ओरडत होत्या.

"आये! अगं आये, काय झालं?"

"बोलतोय! तात्या, बोलतोय त्यो!"

तात्या नव्हतेच तिथं. ते डीपीपाशी हँडल धरून उभे होते आणि त्यांच्याकडं चारी दिशांनी माणसं यायला लागली होती. आठवड्यातून मोजके दिवस दिवसाची लाईट; सगळ्यांची पाणी द्यायची घाई. एकदम साऱ्या वस्तीच्या मोटारी बंद. सर्वांत पुढं पलीकडच्या मळ्यातले दादासाहेब होते, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, खांद्यावर फावडं.

"हँडल कुनी वढलं?"

"मी. पोरगं चिकटलंया तारंला!"

झालं. उसाला पाणी देणं सोडून सगळी वस्ती गोठ्यात आली. मागून शेजारच्या सरुबाई आल्या त्या रडतच आल्या. इंद्रजित जिवंत आहे, नुसता जिवंत नाही तर आईवर चिडलेला आहे, हे बघून त्यांचा थोडा हिरमोड झाला.

"करंट न्हवता," इंद्रजित हात जोडून सांगत होता. "मी गिटार वाजवत हुतो."

"आवाज कुठं हुता?" तात्यांनी विचारलं.

"आवाज पेटीत हुता."

दादासाहेबांनी फावडं खाली टेकवलं. "हे बघ इंदर, आमच्या मोटारी बंद पडल्या त्या आवाजापायी. आता त्यो आवाज ऐकल्याबिगर आमी हलत न्हाय."

कुणीतरी जाऊन हँडल वर केलं. पण लॅपटॉपचा स्पीकर कधीच गेला होता आणि हेडफोन एकच. तेव्हा रांग लागली. इंद्रजितनं अर्ध्यावर तुटलेली खेप लावून दिली आणि हेडफोन दादासाहेबांच्या फेट्यावरून ओढून बसवला.

दादासाहेब थोडा वेळ स्थिर उभे राहिले. मग त्यांची एक भुवई वर गेली. मग चिखलातला पाय हलायला लागला. आणि मग, कानात वादळ असलेल्या माणसाला आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळं, त्यांनी बोंब ठोकली, "लई भारी हाय रं!"

शेजारी उभे असलेले तात्या दचकून खाली बसले. पुढं सरुबाईंनी ऐकलं. "आगं बाई, सगळं अंग हलतंय की!" त्या अशा किंचाळल्या, की रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर थांबला आणि ड्रायव्हर रांगेत येऊन उभा राहिला. प्रत्येकजण ऐकायचा, डोलायचा आणि ओरडायचा. तात्यांनी हेडफोन घातला तेव्हा तर त्यांनी असा आवाज काढला, की त्यांच्याच म्हशीनं दावं तोडलं. आवाज होऊ नये म्हणून आणलेल्या पेटीपायी अंथुर्ण्यात जत्रेचा गलका झाला होता.

इंद्रजितचं लक्ष घड्याळाकडं होतं. उन्हं कलली होती. "आता द्या," तो म्हणाला. "मला सगळं पुन्ना वाजवायचंय. येळ न्हाय."

पण हेडफोन बनाबाईंच्या डोक्यावर होता, आणि त्या तो काढेनात.

"आये, काढ की. मला ऐकू कसं येनार?"

"काय म्हनतुस?" बनाबाई ओरडल्या. "वाजव! मी ऐकतीय!"

इतकी वर्षं तो घरात वाजवत होता. आईनं त्याला बंद कर म्हटलं होतं, हळू कर म्हटलं होतं, जेवून घे म्हटलं होतं. वाजव म्हणून कधी म्हटलं नव्हतं. इंद्रजितनं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि वाजवायला सुरुवात केली. त्याला फक्त तारेची टिंगटिंग ऐकू येत होती. आपण कसं वाजवतोय ते कळायला एकच जागा होती, आईचा चेहरा. तिचे ओठ घट्ट झाले, की तो हलका व्हायचा. तिची मान हलली, की तो जोर धरायचा. गोठाभर माणसं श्वास धरून त्या न ऐकू येणाऱ्या गिटारकडं बघत होती. इंद्रजितनं उंच सुराकडं झेप घेतली, आणि ऐन वेळी बनाबाईंचा हात वर गेला. त्यानं झटकन तारांवर तळवा ठेवला. सगळं गप्प. तिचा हात खाली आला, तसा तो पुन्हा सुटला आणि शेवटपर्यंत थांबला नाही.

संपलं हे कुणालाच कळलं नाही. बनाबाईंनी हेडफोन काढला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाजवा की टाळ्या. झालं त्ये."

सहाच्या थोडं आधी त्यानं ती खेप, स्वतः एकदाही न ऐकता, पाठवून दिली. माणसं चहा पीत अंगणातच थांबली होती. राजेश्वरी मॅडमचा फोन आला तेव्हा दादासाहेबांनी दटावलं, "सगळ्यांना ऐकू यील असा लाव."

"इंद्रजित, काम झालं," मॅडम म्हणाल्या. "पण मला सांगा, तो मधला थांबा कुणाला सुचला? ऐन भरात आलेली गिटार एकदम गप्प होते! मी पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकतेय."

मला, असं म्हणणं सोपं होतं. पण वीसेक माणसं बघत होती. "आईनं हात वर केला," इंद्रजित म्हणाला, "म्हणून थांबलो."

"आईंना संगीत कळतं?"

बनाबाई फोनकडं सरकल्या. "थोडंथोडं," त्या विनयानं म्हणाल्या.

"मग सिनेमातलं एक गाणंही तुमच्याकडंच. उद्या द्या. आणि आईंना समोर बसवा, तसाच थांबा हवा मला."

फोन ठेवल्यावर अंगणात एकच जल्लोष झाला. तो ओसरल्यावर इंद्रजित आईजवळ बसला. "आये, खरं सांग. नेमकं तितंच थांबावं, हे तुला कसं कळलं?"

"कशाचं थांबावं?" बनाबाई कपबश्या गोळा करत म्हणाल्या. "सरुबाईची कोंबडी तुज्या वायरीवर चढत हुती. तिला हाकलली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजितनं पेटी जोडली, गिटार गळ्यात अडकवली आणि आईला पाटावर बसवलं. हेडफोन तिनं न सांगता स्वतःच चढवला, पदर सारखा केला आणि मोठ्या कलावंताच्या गांभीर्यानं गोठ्यात चौफेर नजर फिरवली.

"करायचं का सुरू?" इंद्रजितनं खुणेनं विचारलं.

"थांब!" बनाबाई साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "आदी कोंबडी आन!"