लिमयांच्या फाटकावरची फुलं

माधवनगरात लिमयांच्या फाटकाची कडी भल्या सकाळी वाजली, की शरयूबाई चहाखालचा गॅस बारीक करत आणि आतूनच विचारत, "कोण गेलं?"

त्या वेळी येणारा माणूस फुलं मागायला आलेला असे, आणि फुलं हवी असत ती तिरडीसाठी.

शरच्चंद्र लिमये पाटबंधारे खात्यात आरेखक होते. साताऱ्याला नोकरीत असताना त्यांना कलमी गुलाबांचा नाद लागला होता. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडत, थंडीत भुरी येई, आणि त्यातून जे रोप वाचे त्याचा शेंडा काळा पडून तो काळेपणा रोज बोटभर खाली उतरे. लिमये दर रविवारी पाठीवर पंप बांधून औषध मारत. बारा वर्षांत त्यांच्या पदरात मोजके गुलाब आणि कायमचा खोकला पडला. निवृत्त होऊन त्र्याण्णव साली माधवनगरला राहायला आले, तेव्हा गुलाबाचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच आले होते.

पण मिरज रस्त्याच्या रोपवाटिकेत तुळस आणायला गेले असताना बिराप्पा माळ्यानं त्यांच्या हातात एक पिशवी ठेवली. "ह्यो झुडपी गुलाब हाय, सायेब. औशिद नगं, लाड नगंत, पानी घातलंसा तर घातलंसा. तुमी ह्याला इसरलासा तरी ह्यो फुलायचं इसरत न्हाई."

बिराप्पा खोटं बोलला नव्हता. दोन वर्षांत झुडूप फाटकाच्या खांबावर चढलं. पानावर कधी ठिपका नाही, कीड नाही. फिकट गुलाबी फुलांचे झुबके बारा महिने. लिमयांना आयुष्यात पहिल्यांदा न मरणारं झाड मिळालं आणि तेच त्यांच्या मुळावर आलं.

पहिल्यांदा आल्या त्या हरणाबाई. गल्लीत कुणाचंही लग्न, बारसं, मयत असो, पदर खोचून पुढे होणारी ती बाई. पंच्याण्णवच्या मे महिन्यात कोपऱ्यावरचे जाधव गुरुजी गेले. उन्हानं बाजारात फुलं नव्हती. हरणाबाईंनी लिमयांचं झुडूप पाहिलं आणि परडी पुढे केली. असल्या वेळी कोण नाही म्हणेल? पुढच्या महिन्यात गिरणीतले एक फोरमन गेले. मग पावसाळ्यात दोघं. मयत झालं की एकानं डॉक्टरकडे जायचं, एकानं बांबू आणायचे आणि एकानं लिमयांकडे जायचं, असा रिवाजच पडला. कोण गेलं ते घरच्यांखालोखाल लिमयांना कळू लागलं.

शरयूबाईंनी ती फुलं देवाला घालणं आधी बंद केलं. एकदा सत्यनारायणाला दुसरं काही मिळेना म्हणून घातली, तर प्रसादाला आलेल्या बायका चौरंगाकडे बघून गप्प बसल्या आणि शिरा पदराखाली घेऊन लवकर निघाल्या.

"लोकांच्या दारात फुलं असली की बरं दिसतं," शरयूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या. "आपल्या दारात असली की लोक पलीकडच्या बाजूनं जातात."

लिमयांनी रस्त्याकडे पाहिलं. लोक खरंच पलीकडच्या बाजूनं जात होते.

पलीकडच्या बाजूला नानासो खोतांचं घर होतं. नानासो पलटणीतले जुने हवालदार. वय अठ्ठ्याहत्तर. मिरजेच्या दवाखान्यात हृदयाच्या दुखण्यानं महिनाभर काढून ते घरी आले, आणि सुनेनं, शिवांजलीनं, वारा लागावा म्हणून त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावली. खिडकीतून बरोब्बर झुडूप दिसे. मुलगा वीरधवल सैन्यात, जम्मूकडे. लेक शालू खंडाळा तालुक्यात दिलेली. नानासोंना दिवसभर दुसरं काम नव्हतं. त्यांनी फुलं मोजायला सुरुवात केली.

महिनाभरानं त्यांनी लिमयांना बोलावून घेतलं आणि आपला हिशेब सांगितला. ज्या आठवड्यात झुडूप जास्त फुलतं, त्या आठवड्यात गल्लीतलं माणूस जातं. लिमयांनी समजावून पाहिलं, की झुडूप बारमाही आहे, ते सारखंच फुलत असतं.

"मानसं बी सारखीच मरत्यात," नानासो म्हणाले. "त्येच म्हंतोय मी."

त्यांनी जेवण सोडलं. चार दिवसांनी शिवांजली लिमयांच्या दारात आली. डोळे रडून लाल. मामंजी पेजसुद्धा घेत नाहीत, खिडकी लावू देत नाहीत, खाट हलवू देत नाहीत, असं तिनं सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "काका, तेवढं झुडूप काढता का?"

लिमयांनी कात्री आणि करवत काढली. दसऱ्यानंतरचे दिवस होते. आयुष्यभर रोपं जगवायला धडपडलेल्या माणसानं एका दुपारी ते निरोगी झाड हातभर उंचीवर आणलं. मूळ कुंपणाच्या भिंतीखाली गेलेलं, ते काही निघालं नाही. नानासो खिडकीतून बघत होते. त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आठवडाभरात काठी घेऊन ते फाटकापर्यंत येऊ लागले.

आरेखकाला रेघेत चूक सापडावी तशी लिमयांना आपली चूक उशिरा सापडली. गुलाब छाटला की मरत नाही, उलट जोरानं येतो. साताऱ्याला त्यांच्या कलमांनी हा नियम कधीच पाळला नव्हता, म्हणून ते विसरले होते. बुडख्यातून तांबूस फुटवे निघाले. डिसेंबर उजाडताना प्रत्येक फुटव्यावर कळ्यांचे घोस होते, पूर्वीच्या तिप्पट.

लिमयांची झोप उडाली. शेवटी शरयूबाईंनी मार्ग काढला. उजाडताच, नानासो उठायच्या आत, फुलणाऱ्या कळ्या खुडून टाकायच्या. पहिल्या दिवशी दोघं शाली गुंडाळून, परडी घेऊन झुडपाशी उभी राहिली. काटे बोटांत जात होते. निम्मी परडी भरली आणि समोरून आवाज आला.

"सायेब, कोन गेलं?"

पलटणीतला माणूस पाचालाच उठतो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. लिमयांच्या हातात परडी, परडीत फुलं. ते इतके दचकले की तोंडातून निघायला नको तेच निघालं.

"अजून कोणी नाही, नाना."

खिडकी हळूच लागली.

शरयूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "'अजून' कशाला म्हणालात?" असं त्यांनी त्या दिवशी निदान दहा वेळा विचारलं, आणि लिमयांना ते एकदाही सांगता आलं नाही.

नानासोंनी आपल्याला कळायचं ते कळलं असं धरलं. दाढी करून घेतली, पदकं काढून उशाशी ठेवली, दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी घाल म्हणून सांगितलं आणि खाटेवर हात जोडून निजले. शिवांजलीनं घाबरून तारा केल्या. तिसऱ्या दिवशी वीरधवल दोन रात्री गाडीत उभ्यानं काढून आला. शालू तिन्ही मुलांना घेऊन आली. हरणाबाई आपण होऊन परडी घेऊन आल्या आणि लिमयांच्या पायरीवर बसून राहिल्या, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. लिमयांनी खालच्या आवाजात त्यांना घरी जायला सांगितलं. त्या चहा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

लिमये दिवसातून चारदा समोर जाऊन येत. आपण एका माणसाला एका शब्दानं मारलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी नानासोंच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं, छाटणीचं आणि खुडणीचं. नानासोंनी डोळे मिटूनच त्यांना माफ केलं, त्यामुळे त्यांना आणखी वाईट वाटलं.

मिरजेहून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि वीरधवलला बाहेर नेऊन सांगितलं, की महिन्याभरापूर्वी होती त्याहून तब्येत बरी आहे. तरी पाहुणे थांबले. बघता बघता आठ दिवस गेले. शालूनं रोज बापाला आवडतं म्हणून खरवस, पातळ पिठलं, काय काय केलं, आणि शेवटचं म्हणून नानासोंनी ते रोज खाल्लं. वीरधवल खाटेशी बसून त्यांचे पाय दाबायचा. नातवंडांनी पदकं गळ्यात घालून अंगणात कवायत केली. तिकडे झुडपावरची फुलं पूर्ण उमलली, विटली आणि गळून गेली. नानासो होते तिथंच होते.

नवव्या दिवशी वीरधवलची रजा संपली. शालूच्या सासरी उसाला तोड आली होती. मुलं निघून गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

दोन दिवसांनी संध्याकाळी लिमयांच्या फाटकाची कडी वाजली. नानासो काठी टेकत एकटेच आले होते. लिमयांनी घाईनं खुर्ची आणली. म्हातारा आता आपल्याला शिव्या देणार, असं धरूनच ते समोर उभे राहिले. नानासो त्या फुलं झडलेल्या झुडपाकडे तोंड करून बसले.

"शालू सा वर्सांनी ऱ्हायली, सायेब," ते म्हणाले. "दिवाळीला बोलावलं तर न्हाई जमलं. वीरधवलला बी न्हाई."

लिमये समोरच्या पायरीवर बसले.

"छाटल्यावर किती दिसांत फुलतंय म्हनालासा?"

"पंचेचाळीस. पन्नास धरा."

"मग मे महिन्यात फुलंल असं बसवा. नातवंडांच्या शाळंला सुट्टी असती."

लिमयांना समजायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी सवयीनं मनातल्या मनात दिवस मागे मोजले. छाटणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. "ऐन उन्हात गुलाब छाटत नाहीत, नाना," ते म्हणाले. "झाड मरतं."

नानासोंनी झुडपाकडे पाहिलं, मग लिमयांकडे.

"ह्यो मरतोय व्हय?"

लिमये आत गेले, नव्या वर्षाचं कॅलेंडर काढून आणलं आणि नानासोंच्या मांडीवर ठेवलं. मग दोघं डोकी जवळ आणून तारीख शोधू लागले.