पोलिसाच्या सायकलवरचा झाडू

लेकीच्या लग्नाला पाऊण तास उरला होता आणि हेर्मिना रेशमी झगा घालून, डोक्यावर पिसांची टोपी चढवून, बेकरीची व्हॅन पहिल्या गिअरवर हाकत होती. पुढे तिचा दीर सिरिएल सायकल मारत होता. मारत कसली, ढकलत होता.

सिरिएल अडुसष्ट वर्षांचा. एके काळी बेल्जियमच्या अख्ख्या फ्लँडर्स प्रांतात त्याचं नाव होतं. गावच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून जी गाडी येते तिच्या टपावर झाडू बांधतात. दमलेला गडी तिच्यात बसतो. तिने ज्याला मागे टाकलं तो बाद. आणि ती गेल्याशिवाय पोलीस रस्त्याला बांधलेली दोरी सोडत नाहीत. यंदा ती गाडी म्हणजे हेर्मिनाची व्हॅन. पन्नास वर्षांत सिरिएल तिच्यात एकदाही बसला नव्हता. गाव याला विक्रम म्हणे. पुरुषांच्या हट्टाला लाडाने असली नावं मिळतात. बायकांच्या हट्टाला वेड म्हणतात.

"भावोजी, बसा हो आत! साडेचारला नगराध्यक्ष निघून जाणार. त्यांच्यासमोर सही नाही झाली तर लग्न नाही. पोरगी दोरीच्या अलीकडे अडकलीय!"

"तुम्ही गाडी बघा, वहिनी. मला रस्ता कळतो."

त्याला मागे टाकायला तीनदा तिचा पाय शिवशिवला. तिन्ही वेळा तिला वारलेला नवरा आठवला, भावासाठी जीव टाकणारा. शेवटी दगडी चढावर क्लच जळाला. जळणारच! व्हॅन पावासाठी बनवलेली, गोगलगायीमागे चालायला नाही.

हेर्मिना चौकातल्या पोलिसावर धावून गेली. "डिर्क, गाडी मेली. दोरी सोड!"

"झाडूवालं वाहन गेल्याशिवाय सोडता येत नाही."

"दुसरं आणू कुठून? रस्ता तूच बंद केलायस!"

"नियम मी नाही केला, काकू."

"नियमात काय लिहिलंय? व्हॅन?"

डिर्कने वही उघडली. "वाहन. झाडूसह."

हेर्मिनाची नजर भिंतीला टेकवलेल्या सरकारी सायकलवर गेली. डिर्क "अहो, ती ड्युटीची..." म्हणेपर्यंत व्हॅनच्या टपावरचा झाडू हेर्मिनाच्या पाठीवर बांधला गेला होता आणि झगा गुडघ्याच्या वर खोचून ती सीटवर चढली होती. आता कसला नवरा नि कसला दीर!

सिरिएलने मागे वळून पाहिलं आणि तो दचकला. "हे नियमात बसतं?"

"सायकल पोलिसाची आहे, त्यालाच विचारा!"

मग मात्र म्हातारा पेटला. वीस वर्षांत मारले नसतील असे पायडल त्याने मारले. लोक बिअरचे पेले घेऊन दारात आले. कुणी "सिरिएल!" ओरडलं, बाकीचे सगळे "हेर्मिना!" अर्ध्या चाकाच्या फरकाने त्याने रेषा ओलांडली आणि दोन्ही हात वर केले.

ठण्ण! पंचाने घंटा वाजवली. शेवटची फेरी बाकी होती. सहा किलोमीटर.

सिरिएलचे हात हळूहळू खाली आले. दोरीमागे नवरी लिस्बेत पांढऱ्या पोशाखात उभी होती. ती काकांकडे बघत होती. शिवी दिली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने आपली सायकल जमिनीवर आडवी टाकली आणि तो हेर्मिनापाशी आला.

"बसा कॅरियरवर," ती धापा टाकत म्हणाली.

"बसणार नाही म्हणजे नाही. तुम्ही मागे सरका. चालवतो मी."

"अहो, पण..."

"पोरीचं लग्न आहे ना? मग वाद कसला घालता!"

तो सीटवर, मागे हेर्मिना, तिच्या पाठीवर झाडू. सायकल रेषेवरून सरळ नगरपालिकेकडे वळली. लोकांनी टोप्या उडवल्या. मागून धावत आलेल्या डिर्कने दोरी सोडली आणि बराच वेळ नियमांची वही चाळली. झाडूगाडी चालवणारा बाद होतो असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्यात बसणारा होतो, एवढंच होतं.

पंचांनी संध्याकाळी निकालाचा कागद चिकटवला. खाली एकच नाव होतं: बाद, हेर्मिना.